चौथी खेप

"चार वेळा जायचं. एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी आणि एकदा सुट्टीच्या दिवशी. घंटी वाजवली की दारापासून दोन पावलं मागे सरायचं, म्हणजे भोकातून पाहणाऱ्याला तू अख्खी दिसतेस. फाइल छातीशी धरायची नाही, वसुलीवाली वाटतेस. हात खिशात घालायचे नाहीत. दिसू देत हात. आणि चौथी खेप कधी सोडायची नाही, कळलं का ग? तीन वेळा माणूस तुला जोखत असतो. उघडायचं ते चौथ्यांदाच उघडतो."

सर्वेक्षणाचं काम शिकवणाऱ्या गेनोवाइतेबाईंचा आवाज. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, पण आवाज जायला तयार नाही. तीस वर्षं लोकांची दारं वाजवून आणि जिन्यांमधून बोलून तो फाटला होता, पितळेच्या भांड्याला चीर गेल्यासारखा, आणि तसाच तो लाइमुतेच्या कानात राहिला होता. आज तो आला तो ट्रॉलीबसमध्ये, नदीवरचा पूल ओलांडून गाडी चढाला लागली तेव्हा. फोन नुकताच बंद झाला होता आणि अजून तिच्या मुठीत गरम होता. खिडक्यांवर वाफ धरली होती. काउनास शहरात नोव्हेंबर संपत आला की खिडक्या पारदर्शक नसतातच. गाडीत दोन-दोनच्या सगळ्या बाकांवर एक-एक माणूस बसलेला, शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून. उभे राहिलेले तिघे-चौघे त्या पिशव्यांकडे पाहत होते, पण कोणी 'जरा सरकता का' म्हणत नव्हतं. लाइमुतेच्याही शेजारी तिची पिशवी होती. तिने ती उचलून मांडीवर घेतली. कोणी येऊन बसलं नाही.

फोन राजधानीतल्या कचेरीतून होता. एगिदियुस. तिच्या मुलापेक्षा, लिनासपेक्षा, दोन वर्षांनी लहान असेल. आवाजात कायम नुकतीच कॉफी प्यायल्यासारखी तरतरी.

"लाइमुतेबाई, एक छोटीशी गोष्ट. तुमचा चारशे सतरा. प्रानास झिल्युस, शिलाइन्याइ वसाहत, वय एक्याऐंशी. मुलाखत सात नोव्हेंबरला झाली, शुक्रवारी. बरोबर?"

"हो."

"बावन्न मिनिटं."

"असतील."

"मग घोळ त्या जन्म-मृत्यू नोंदणीवाल्यांचाच असणार. आमच्या पडताळणीच्या मुलीनं यादी तपासली, तर हा माणूस मयत दाखवतोय. अंदाजे चार नोव्हेंबर, मंगळवार." तो हसला. "मेलेल्या माणसानं तुम्हाला बावन्न मिनिटं दिली, बाई. जिवंत माणसं मला दोन देत नाहीत. बरं, बैठक आहे, नंतर बोलतो."

एवढंच. कोणी ओरडलं नाही, काही फुटलं नाही. गाडी पुढच्या थांब्याला थांबली, दारं फुस्स करून उघडली, थंडी आत आली आणि दारं मिटली. लाइमुतेला उतरायचं होतं त्याच्या पुढचा थांबाही गेला. तिच्या मनात एकच शब्द होता, मंगळवार, आणि तो पुन्हा पुन्हा येत होता, दात दुखायला लागला की जीभ तिथेच जाते तसा. चार नोव्हेंबर. मंगळवार. अकरा वाजता.

प्रानास झिल्युसकडे ती तीनदा गेली होती. पहिल्यांदा ऑक्टोबरच्या मध्यावर, सकाळी. नऊ मजली इमारत, सहावा मजला, दारावर कातडं मारून वर पितळी चुका ठोकलेल्या, जुन्या काळी ठोकायचे तशा. आत रेडिओ चालू होता. तिने घंटी वाजवल्याबरोबर तो बंद झाला. ती दोन पावलं मागे सरून उभी राहिली, हात खिशाबाहेर ठेवून, आणि दाराच्या भोकातला उजेड काळा झालेला तिला दिसला. कोणीतरी डोळा लावला होता. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. एकाला दिसत होतं, दुसरीला नव्हतं. मग भोक पुन्हा उजळलं. दुसऱ्यांदा, रविवारी, साखळी लावून बोटभर फट पडली. फटीतून एक डोळा, पांढरी भुवई आणि तळलेल्या बटाट्याचा वास. "काय विकता?" "काही नाही. सर्वेक्षण आहे. प्रश्न विचारायचे." "काही विकत नाही? मग तर जास्त धोका." फट मिटली. पण मिटता मिटता तो हसल्यासारखं वाटलं. तिसऱ्यांदा ती गेली ती वेलिनेसच्या आदल्या शुक्रवारी, दुपारी. मृतांच्या दिवसाची तयारी म्हणून अख्खं गाव दफनभूमीकडे चाललेलं, जिन्यात लोक शेवंतीच्या कुंड्या आणि मेणबत्त्यांच्या पिशव्या घेऊन उतरत होते. ती दारापाशी उभी राहिली आणि या वेळी तो आतून, साखळीही न काढता, दाराला तोंड लावून बोलला.

"पुन्हा तुम्हीच का?"

"मीच. लाइमुते. गेल्या वेळी सांगितलं होतं."

"काय विचारणार म्हणालात?"

"साधे आहेत प्रश्न. तुमची तब्येत कशी. आयुष्यात समाधान आहे का. लोकांवर विश्वास ठेवता येतो का."

आत खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तिच्या लक्षात आलं की तो हसत होता. "आणि हे तुम्ही बंद दाराबाहेरून विचारता होय?"

"उघडलंत तर आतून विचारीन."

वरच्या मजल्यावर कोणाचा तरी कुत्रा भुंकला. मग तो म्हणाला, वेगळ्याच आवाजात, जणू मधल्या वेळात तो आत जाऊन काहीतरी पाहून आला होता, "आज नको. पसारा आहे. मंगळवारी या, अकराला. मी कडी काढून ठेवतो. मला उठायला वेळ लागतो, तुम्ही ढकला आणि आत या."

"येते," लाइमुते म्हणाली.

"नक्की? नाहीतर मी आपला आवरून बसायचो."

"नक्की. शब्द."

शब्द. हा तिने का वापरला? 'बरं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. जिना उतरताना तिला हलकं वाटत होतं, गेनोवाइतेबाईंना सांगावंसं वाटत होतं की बघा, तुम्ही म्हणालात तसंच झालं, चौथ्यांदा उघडतोय.

ट्रॉलीबस शेवटच्या थांब्याला येऊन उभी राहिली आणि चालकाने आरशातून तिच्याकडे पाहिलं. ती उतरली. समोर शिलाइन्याइच्या इमारती एकीमागे एक उभ्या होत्या, कोणीतरी रचून ठेवलेल्या आणि मग न्यायला विसरलेल्या खोक्यांसारख्या. तिला इथे यायचं नव्हतं, पण ती इथेच आली होती.

त्या मंगळवारी काय झालं होतं? काही झालं नव्हतं. हेच तर. सकाळी तिने नेमाप्रमाणे जपमाळ केली. आई गेल्यापासून अकरा वर्षांत एक दिवस खंड नाही. माळेचे पन्नास मणी संपेपर्यंत कोणाशी अक्षर बोलायचं नाही, पाण्याचा घोटही नाही. दर मण्यामागे मरणाच्या घडीचा उल्लेख येतो. त्या सकाळीही पन्नास वेळा आला. मग तिने चहा ठेवला आणि आयर्लंडहून लिनासचा फोन आला, व्हिडिओचा, तीन आठवड्यांनी. नातीला पडलेला दात दाखवायचा होता. नात आपल्या भाषेत दोन शब्द बोलायची आणि तिसरा तिकडचा. लिनास मधे मधे भाषांतर करायचा, आपल्याच आईसाठी आपल्याच मुलीचं. लाइमुतेने घड्याळ पाहिलं होतं. दहा वाजून पाच. निघायला हवं, असं मनात आलं होतं. पण 'लिनास, आता ठेवते' हे तिच्या तोंडून निघेना, कारण नंतर पुन्हा तीन आठवडे. फोन संपला तेव्हा अकराला वीस कमी होते. बाहेर भुरभुर पाऊस, उजवा गुडघा सकाळपासून सुजलेला. तिने स्वतःशी म्हटलं, म्हातारा माणूस, घरीच असतो, बुधवारी जाऊ. बुधवारी नदीपलीकडच्या वस्तीतली दोन घरं होती. गुरुवारी गुडघा. आणि शुक्रवारी यादी पाठवायचा शेवटचा दिवस.

शुक्रवारी संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॅब ठेवला आणि प्रानास झिल्युसचा फॉर्म स्वतःच भरला. टॅबमध्ये वेळ मोजला जातो. बारा मिनिटांत झालेली मुलाखत कचेरीत लगेच लाल होते. म्हणून ती एक उत्तर दाबायची आणि एक बटाटा सोलायची. पुन्हा एक उत्तर, एक बटाटा. शुक्रवार असल्यामुळे मांस शिजवायचं नव्हतं. तो नेम तिने पाळला. बटाट्याचे सहा वडे तळून झाले तेव्हा बावन्न मिनिटं झाली होती. 'एकंदरीत पाहता, आयुष्याबद्दल किती समाधानी आहात?' दहापैकी सात. 'मित्र, नातेवाईक यांना किती वेळा भेटता?' आठवड्यातून एकदा. 'मनातलं बोलता येईल अशी किती माणसं आहेत?' इथे ती थांबली होती, सुरी हातात धरून. मग तिने तीन दाबलं. तीन माणसं दिली तिने त्याला, सढळ हाताने. आणि 'बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो, की माणसांशी वागताना जपूनच राहिलेलं बरं?' याला दहापैकी आठ.

आठ का? चार दाबलं असतं तर कोणाच्या नजरेत भरलं नसतं. या जिन्यांमध्ये सगळे तीन आणि चारच सांगतात. पण त्या वेळी तिच्या मनात तो फटीतला डोळा होता, आणि त्याला एक चांगलं आयुष्य द्यावं असं तिला वाटलं होतं. खोटंच द्यायचं तर कंजूषपणा कशाला. ते आठ कुठून आले हे तिला आत्ता, इमारतीच्या दाराकडे चालताना, पहिल्यांदा कळलं. ते तिचे स्वतःचे होते. एकोणनव्वदचे, तेवीस ऑगस्टचे. तीन देशांतली माणसं स्वातंत्र्य मागत एका रस्त्यावर हात धरून उभी राहिली होती तो दिवस. इथून गेलेल्या बसगाड्या वाटेत अडकल्या, म्हणून त्यांतली सगळी माणसं उक्मेर्गे गावाच्या अलीकडेच उतरून शेतांमधून धावत रस्त्यावर आली होती. लाइमुते पंचवीस वर्षांची, पोटात तीन महिन्यांचा लिनास. डावीकडे नवरा, तेव्हा तो होता, आणि उजवीकडे एक अनोळखी बाई, खेड्यातली, तळहात खरखरीत आणि ओला, आंबट सफरचंदाचा वास येणारा. पंधरा मिनिटं हात धरायचा होता. वेळ संपली तरी कोणी सोडेना. ती बाई म्हणाली होती, "पोरी, मी आता सोडते हां, गाय दोहायची राहिलीय." आणि सोडता सोडता तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत दाबला होता. नाव विचारायचं राहिलं. त्या दिवशी कोणी विचारलं असतं, बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो का, तर लाइमुतेने दहाच सांगितले असते. छत्तीस वर्षांत दोन कमी झाले एवढंच, असं ती बटाटे सोलताना समजत होती काय? की आपलं तेव्हाचं उरलेलं ती त्या म्हाताऱ्याच्या नावावर ठेवत होती, आपल्याकडे टिकणार नाही म्हणून?

इमारतीचं खालचं दार उघडायला आकडे दाबावे लागत. ते तिला पाठ होते, पण दाबावे लागले नाहीत. एक बाई कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर येत होती आणि तिने दार पायाने अडवून धरलं, मात्र लाइमुतेला आत घ्यायला नव्हे, अडवायला.

"कोणाकडे?"

"सहाव्यावर. झिल्युसांकडे."

बाईने पिशवी खाली ठेवली. साठीची, घरातल्या झग्यावर फुगीर कोट चढवलेला, केस लाल रंगवलेले. "उशीर झाला तुम्हाला. नातेवाईक का?"

"नाही. मी... त्यांना भेटायचं होतं."

"सगळ्यांनाच आता भेटायचंय त्याला. महापालिका, पोलीस, ती संस्थावाली पोर. जिवंत होता तेव्हा कुत्रं फिरकलं नाही. मी रेगिना, सातव्यावर, बरोबर त्याच्या डोक्यावर." तिने लाइमुतेला वरपासून खालपर्यंत पाहिलं, हातांकडेही पाहिलं, आणि तिचा चेहरा जरा सैल झाला. "या आत, थंडी घरात शिरते. बसायचंय का तुम्हाला? पांढऱ्या पडलात."

जिन्यातल्या टपालपेट्यांखाली एक बाकडं होतं. लाइमुते बसली. समोर लिफ्टच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता, टाइप केलेला: 'सहाव्या आणि सातव्या मजल्यावरील रहिवाशांना विनंती, कचरा नीट बांधून नळीत टाकावा. घाण वास येतो.' त्याखाली निळ्या पेनाने: 'सातव्यावाले बांधूनच टाकतात. पाचव्यावाल्यांनी आपला कोबी बघावा.' त्याखाली तिरक्या अक्षरांत: 'आम्ही कोबी खात नाही. उंदीर मेला असेल, सफाईवाल्यांना कळवा.' आणि अगदी खाली, कोणा मुलाने काढलेला शेपटीचा उंदीर.

रेगिनाने तिची नजर कुठे आहे ते पाहिलं. "तो कागद काढायचा राहिलाय," ती म्हणाली. मग तिलाच ते सहन होईना. "निळं पेन माझंच. मला काय माहीत? आठ दिवस आम्ही त्या कागदावर भांडत होतो आणि तो आत... देवा. शेवटी पाणी-मीटरवाला आला. घंटी वाजवली, नाही उघडलं. त्याला वासाची ओळख होती. पोलीस आले, दोन धटिंगण, हत्यारं घेऊन. एकानं दाराला खांदा लावला, तर दार उघडंच! पडला की तो आत सपशेल. उघडंच होतं हो दार, नुसतं लोटलेलं. सोळा दिवस! माझ्या दाराला तीन कुलपं आहेत, समोरच्याकडे कॅमेरा आहे, आणि हा सोळा दिवस दार उघडं टाकून. चोरसुद्धा आला नाही मेला. चोर आला असता तर निदान कळलं असतं."

लाइमुतेने बाकड्याची कड धरली होती. लाकडावर रंगाचे पापुद्रे होते आणि त्यातला एक तिच्या नखाखाली शिरत होता. ती तो शिरू देत होती.

"कुठे निघाला होता कोण जाणे," रेगिना सांगत होती. "कोट घातलेला, चांगला, दफनविधीला घालतात तसला. दाढी केलेली. खुर्चीतच गेला. डॉक्टर म्हणाला हृदय, क्षणात गेला असेल, सकाळीच कधीतरी. टेबलावर दोन कप मांडलेले, बशांसकट. मधाचा केक, दुकानातला, खोकं न फोडता. दोन कप! दहा वर्षांत त्याच्याकडे कोणी आलेलं मी पाहिलं नाही. माझी भाची म्हणते, म्हातारे असं करतात, गेलेल्या बायकोसाठी मांडतात. असेल बाई. शेवटी शेवटी भ्रम होतो."

"हो," लाइमुते म्हणाली. "होतो."

ती हे म्हणाली. म्हणताना तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, मऊ, समजूतदार, चर्चमध्ये शेजारणीला पुस्तकातली ओळ दाखवतानाचा आवाज. भ्रम नव्हता, कप माझा होता, एवढं म्हणायला किती लागलं असतं? पण रेगिनाच्या डोळ्यांत त्या घटकेला थोडी दया होती, जी या जिन्यात पहिल्यांदाच कोणाला कोणाबद्दल वाटली होती, आणि ती उलटी फिरून अंगावर येईल या भीतीने लाइमुतेची जीभ उचलली नाही. जपमाळेचे पन्नास मणी संपेपर्यंत गप्प राहायची तिला सवय होती. गप्प राहणं इतकं सोपं झालं होतं की त्यालाच ती इतकी वर्षं भक्ती समजत होती की काय, असं तिला वाटून गेलं.

"पुरलं कुठे?"

"महापालिकेनं पुरलं. कोणी आलंच नाही ना. नव्या दफनभूमीत, मागच्या बाजूला, नुसता आकडा असतो तिथे. वर जाऊ नका, दाराला कागदी पट्टी लावलीय, शिक्का मारून."

ती वर गेली नाही. परतीच्या गाडीत तिला आई आठवत राहिली. एकोणपन्नासच्या मार्चमध्ये पहाटे दार वाजलं, आजीने उघडलं, आणि सैनिकांनी अर्ध्या तासात सगळ्यांना गाडीत घालून सायबेरियाला नेलं. आई तेव्हा आठ वर्षांची. परत आली ती सोळाची होऊन, आणि त्यानंतर आयुष्यभर तिने एकही दार पहिल्या टकटकीला उघडलं नाही. पोस्टाच्या बाईलाही तीनदा 'कोण?' विचारायची. लाइमुतेने हे काम धरलं तेव्हा ती म्हणाली होती, "माझी पोर दारं ठोठावत फिरणार! आत बसलेल्यांच्या पोटात काय होतं ठाऊक आहे का तुला?" लाइमुतेला ते ठाऊक होतं. म्हणून तर ती दोन पावलं मागे सरायची. तिला वाटायचं, आपण हे उलटवतोय. आजीच्या दारावर जे झालं ते आपण एका-एका दाराशी, हात दाखवून, थोडं थोडं पुसतोय. प्रानास झिल्युस एक्याऐंशीचा होता. त्याच्याही लहानपणी कुठलं तरी दार वाजलंच असेल. एवढ्या वर्षांनी त्याने कडी काढून ठेवली, एका अनोळखी बाईच्या शब्दावर. ढकला आणि आत या. त्याचं उत्तर त्याने देऊन ठेवलं होतं. ते घ्यायला कोणी गेलं नाही.

शुक्रवार, शनिवार, रविवार. तिने जपमाळ केली, रविवारी चर्चला गेली, नाताळाआधीच्या आगमनकाळाची पहिली मेणबत्ती लागली. ओठ हलत होते. मण्यांवरून बोटं जात होती आणि प्रत्येक मणी गोल, थंड आणि आतून पोकळ वाटत होता, दाराच्या मुठीसारखा. सोमवारी सकाळी तिने ठरवलं. कचेरीला खरं सांगायचं. तिने चारशे सतराचा कागदी संपर्क-तक्ता काढला. मुलाखत न झाल्यास कारण लिहायला तिथे रकाने होते: घरी नाही, नकार, आजारी, भाषा येत नाही, स्थलांतर, मयत. तिने ते वरून खाली आणि खालून वर वाचले. 'मुलाखत घेणारी आली नाही' असा रकाना कोणी केलेला नव्हता. तो लागेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. एवढा विश्वास तर तिच्यावर होता.

तिने फोन लावला.

"एगिदियुस, तो चारशे सतरा. मी गेलेच नव्हते. घरी बसून भरला. शब्द दिला होता आणि गेले नाही. तो काढून टाका. मलाही काढा."

पलीकडे खुर्ची करकरली. दार लावल्याचा आवाज आला. "बाई," तो हळू म्हणाला, "हे तुम्ही मला सांगितलंच नाहीत."

"सांगितलं."

"नाही. ऐका. मी शुक्रवारीच तारीख बदलली. एकतीस ऑक्टोबर केली. तो जिवंत होता, तुम्ही गेला होतात, तुमची तिसरी खेप नोंदवलेली आहे. सगळं जुळतं. आकडे पुढे गेलेसुद्धा."

"पण ते त्याचे नाहीत."

"लाइमुतेबाई, एक खोटा निघाला की तुमचे सगळे रद्द होतात. एकेचाळीस माणसं. ती फरशी पुसणारी आजी आठवते, जी रडली होती म्हणालात? ती पण रद्द. मग तुमच्यापाठोपाठ माझा विभाग. सगळ्यांनाच भोगावं लागेल, आणि कशाला? एका म्हाताऱ्यासाठी, ज्याला आता काही फरक पडत नाही?" तो थांबला, मग जरा उजळून म्हणाला, "आणि गंमत ऐका, तुमच्या भागात विश्वास वाढलाय. गेल्या वेळेपेक्षा थोडासा, पण वाढलाय. साहेब खूश आहेत. चांगली बातमी कोणाला नको असते, बाई?"

तिने फोन ठेवला. तो दुष्ट नव्हता. तिला वाचवत होता, आपल्या परीने, तीही त्या म्हाताऱ्याला तीन माणसं देताना आपल्या परीने चांगलीच वागत होती तसा. तिला वरच्या साहेबांना पत्र लिहिता आलं असतं. तिने कागद घेतला, तारीख घातली. आणि ती फरशीवाली आजी तिच्या डोळ्यांपुढे आली, चौथ्या खेपेलाच उघडणारी, ओल्या फडक्याने हात पुसत म्हणणारी, "कोणी विचारलंच नव्हतं हो मला कधी." त्या आजीला पुन्हा कोणी न विचारलेली करायची? संध्याकाळपर्यंत कागदावर तारखेखाली काही उमटलं नाही. तिने तो घडी करून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला, आणि ठेवतानाच तिला कळलं की तो तिथून बाहेर येणार नाही. प्रानास झिल्युस आता कायमचा आठ राहणार होता. सात समाधानी, आठवड्याला एक भेट, मनातलं बोलायला तीन माणसं. देशाच्या बेरजेत मिसळून गेलेला.

मंगळवारी ती अंधारात उठली. पन्नास मणी केले. लिनासचा फोन आला नाही, यायचा नव्हताच. तिने चहा केला आणि प्यायली नाही. टॅब टेबलावर होता, तो तिने कपाटात ठेवला. केक घ्यावा का, असं एकदा मनात आलं आणि तिने ते सोडून दिलं; तिने केकचा शब्द दिला नव्हता, यायचा दिला होता. दारावर शिक्क्याची पट्टी असणार हे तिला माहीत होतं. आत दोन कपही नसणार, कोणी धुऊन उचलले असतील किंवा न धुताच. रेगिना सातव्यावरून वाकून पाहील आणि वेडी समजेल. लिफ्टच्या दारावरचा उंदीर कदाचित अजून असेल. ती दोन पावलं मागे सरून उभी राहील, आणि कोणी तिला जोखणार नाही.

घड्याळात दहा वाजून पाच झाले होते. बाहेर भुरभुर चालू होती आणि गुडघा दुखत होता. तिने कोट चढवला, रुमाल बांधला, बाहेर येऊन दार ओढलं. खालचं कुलूप लावलं. वरच्या कुलपापाशी किल्ली नेऊन ती क्षणभर थांबली, मग तेही लावलं. किल्ल्या पिशवीत टाकल्या, आणि मोकळे हात बाजूला सोडून, कठड्याला न धरता, ती सावकाश जिना उतरू लागली.